बेबीआत्याची रेकॉर्ड आणि बाबांची खुर्ची

माझे बाबा कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची दाबून बघतात. एक हात पाठीवर, एक बैठकीवर आणि मान जराशी कलती. खुर्चीने हूं की चूं केलं नाही तरच बसतात. केलं तर म्हणतात, “असू दे, मी उभाच बरा,” आणि यजमान बिचारे ओशाळतात. लहानपणी मला वाटायचं, सभ्य माणसांची हीच रीत असणार. मीही शाळेत बाक दाबून मगच बसायचे. शेवटी बाईंनी आईला बोलावून विचारलं, हिला बसताना काही दुखतंय का?

या दाबादाबीचं मूळ बेबीआत्यापाशी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

बेबीआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सत्तरीला टेकली, केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी बेबीच. तिने लग्न केलं नाही. “विचारायला आले होते, पण मी काय म्हणते ते त्यांना ऐकू येत नव्हतं,” एवढंच ती सांगते. नोकरी केली इस्पितळात, कान तपासण्याची. कपाटाहून जराशी मोठी एक खोली, जाड दार, आतून मऊ अस्तर. पेशंटने आत पाठ करून बसायचं, म्हणजे आत्याचे हात त्याला दिसायला नकोत. कानांवर हेडफोन. आत्या काचेबाहेर यंत्रापाशी. ती एक बटण दाबणार, आत बारीकशी टूं किंवा टीं वाजणार, ऐकू आली की पेशंटने बोट वर करायचं. मग आवाज थोडा कमी, आणखी थोडा कमी. बोट वर यायचं थांबलं की ती तुमच्या कानाची हद्द.

सगळा जन्म तिने माणसांच्या पाठी आणि बोटं बघितली. नोकरीसाठी दाखला हवा असलेले लोक गयावया करायचे, “बाई, तेवढं पास करा.” आत्या म्हणायची, “इथे नापास कुणी होत नाही. पण ऐकू आलं नाही ते आलं असं मी लिहिणार नाही.” अशी खमकी. पण एका गोष्टीने ती चक्रावून जायची. काही माणसं काहीही वाजत नसताना बोट वर करायची. “लबाड नसतात गं,” ती मला सांगायची, “त्यांना खरंच काहीतरी ऐकू येतं. काय येतं, ते मला ऐकायचं होतं.”

आता सरळ माणूस अशा वेळी काय करतो? घरी जाऊन चहा पितो. आमच्या आत्याने रेकॉर्ड काढली.

मी तेव्हा तान्ही होते, त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव आहे. पण आईकडून ऐकलेलं असल्यामुळे त्यात तिखटमीठ भरपूर आहे. इस्पितळाने नवं यंत्र घेतलं आणि जुनं भंगारात चाललं होतं. मोठ्या डॉक्टरांनी म्हटलं, घेऊन जा. आत्याने ते खोकं घरी आणलं. तेव्हा सगळे एकत्रच राहत होते. तिने सामानाची खोली रिकामी केली आणि भिंतींना घरातल्या सगळ्या गाद्या टांगल्या. “झोपायचं कुठे, असं मी विचारलं,” आई सांगते, “तर म्हणते, वहिनी, दुपारीच तर टांगणार आहे.” सुट्टीच्या दुपारी गल्ली पेंगायला लागली की काम सुरू. मला रडायची सवय होती, म्हणून माझी रवानगी शेजारी. घड्याळ बंद. नळाला फडकं बांधलेलं.

खोलीत एक स्पीकर, त्याच्या तोंडाशी माइक. आत्या यंत्र आणि टेप घेऊन दाराबाहेर. दाराला वरच्या बाजूला काचेचा तुकडा होता, त्यातून आत दिसायचं. तारेतून सरळ टेपवर आवाज घेणं सोपं होतं, पण तिला ते नको होतं. “मग तो स्वर कुठल्याच खोलीत वाजला नाही असं होतं,” तिचं म्हणणं. स्वर खोलीत वाजला पाहिजे आणि खोलीत कुणीतरी ऐकायला पाहिजे.

तो कुणीतरी म्हणजे माझे बाबा.

बाबा आत पाठ करून बसायचे. आत्या स्वर सोडायची, बाबा बोट वर करायचे. ती आवाज कमी करत न्यायची, बोट वर यायचं थांबलं की पुन्हा किंचित वाढवायची, मग स्वर बदलायची. कधी दोन स्वर एकमेकांत मिसळायची, तेव्हा तिसराच काहीतरी घुमायला लागायचा. कानाच्या हद्दीवर चालणारं संगीत होतं ते. आत्ता पुढचा स्वर यावा की थांबावं, हे बाबांचं बोट ठरवायचं. ना ताल, ना शब्द, ना वाद्य. आईच्या मते “फ्रिज बिघडल्यावर येतो तसला आवाज, फक्त जास्त वेळ.”

रेकॉर्डचं नाव होतं ‘बोट वर करा’. एका बाजूला ‘उजवा कान’, दुसऱ्या बाजूला ‘डावा कान’. वेष्टन बाबांनी त्यांच्या छापखान्यातून छापून घेतलं.

बाबांचंही सांगायला हवं. ते छापखान्यात प्रूफं तपासायचे. लाल पेन्सिल त्यांच्या कानावर जन्मजात असावी. निवृत्त झाले तरी औषधाच्या बाटलीवरच्या सूचना आणि दुकानांच्या पाट्या तपासणं चालूच आहे. शाळेत मी ‘माझे बाबा’ निबंध लिहिला, त्यात एक वाक्य होतं, ‘माझे बाबा कधी कधी उगाच ओरडतात.’ बाबांनी ते लाल रेघ मारून खोडलं. मग बराच वेळ बघत बसले. मग त्या वाक्याखाली एकेक टिंब दिलं आणि समासात लिहिलं, ‘राहू द्या’. खोडलेलं परत ठेवायचं असेल तर छापखान्यात असंच करतात, हे मला त्या दिवशी कळलं. बाईंनी टिंबांचे गुण कापले.

तर, रेकॉर्ड तयार होऊन आली. घरच्या खेळण्यातल्यासारख्या रेकॉर्ड प्लेअरवर लावायला आत्याचं मन होईना. तिने गावातल्या रेकॉर्डींच्या मोठ्या दुकानात, मोठ्या स्पीकरवर ती पहिल्यांदा वाजवायचं ठरवलं. सगळं घर नटूनथटून गेलं. ‘उजवा कान’ झकास वाजला. दुकानदाराने मात्र मध्येच उठून स्पीकरच्या मागची वायर तपासली. मग ‘डावा कान’ लागला. एक नाजूक, केसाएवढा स्वर आला आणि त्याच्यामागून, कर्रर! पुन्हा स्वर. पुन्हा कर्रर!

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

झालं होतं असं. पहिल्या बाजूला बाबा स्टुलावर बसले होते. पाठ दुखायला लागली म्हणून दुसऱ्या बाजूसाठी त्यांनी स्वयंपाकघरातली वेताची खुर्ची आत नेली. इतके बारीक आवाज पकडायचे म्हणून माइक भरपूर वाढवलेला होता, त्यामुळे वेत करकरला की हत्ती उठल्यासारखा आवाज. तुम्ही म्हणाल, टेप ऐकताना आत्याला कसं कळलं नाही? अहो, ती आठवडाभर लोकांच्या कानात स्वर शोधणारी बाई. तिचा कान फक्त स्वर शोधत होता, बाकीचं तिने ऐकलंच नाही. बाबा म्हणतात ना, बारीक टाइपातला चुकीचा अनुस्वार सापडतो आणि मथळ्यातली चूक तशीच छापून जाते. तेच.

दुकानात सगळ्यांसमोर आत्या एवढंच म्हणाली, “वाट लावलीस, दादा.”

दुसऱ्या दिवशी वेताची खुर्ची भंगारवाल्याकडे गेली. बाबांनी कानाला खडा लावला, परत त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आत्यानेही दुसरी रेकॉर्ड काढली नाही. गाद्या परत खाटांवर आल्या. रेकॉर्डी खपल्या नाहीत. काही दुकानात पडून राहिल्या, काही ओळखीत वाटल्या, उरलेल्यांचं आईने सोनं केलं: डब्यांवर झाकणं म्हणून वापरल्या. “मधलं भोक सोडलं तर उत्तम झाकण,” असा तिचा अभिप्राय होता. ‘बोट वर करा’ला मिळालेला तो एकमेव अभिप्राय.

बाबा मात्र तेव्हापासून खुर्च्या दाबायला लागले. सिनेमात अडीच तास पुतळ्यासारखे बसायचे. हे सगळं मला आईने सांगितलं, तेव्हा वरून म्हणाली, “त्यांना वाटतं, बेबीचं एकच काहीतरी होतं, तेही आपण घालवलं. विचारू मात्र नकोस. एरवी सगळ्या जगाच्या चुका काढतील, ही एक कुणी काढलेली चालत नाही.”

मी विचारलं नाही. इतकी वर्षं गेली. मग एके दिवशी तबकडीवाली आली.

तिचं नाव तिने सांगितलं होतं, पण आईने पहिल्या मिनिटाला तिचं बारसं केलं आणि ते चिकटलं. डोक्याची एक बाजू भादरलेली, पायात बांधकामावरच्या गवंड्यासारखे बूट. जुन्या, विसरलेल्या रेकॉर्डी शोधून पुन्हा छापायच्या, हा तिचा धंदा. जुन्या बाजारात तिला ‘बोट वर करा’ सापडली होती. वेष्टनावर बरणीचा गोल डाग. वेष्टनाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, बाबांनी छापखान्याचं नाव टाकलेलं होतं. ती छापखान्यात गेली, छापखान्याने बाबांकडे धाडलं, बाबांनी दार उघडलं आणि ती म्हणाली, “तुमच्या बहिणीने जे केलंय ना काका, ते काळाच्या फार पुढचं आहे.”

बाबांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, “काल पुढे गेली का? नाही, ती इथेच राहते, तिसऱ्या गल्लीत.”

बाबांच्या कानाचा हा एक वेगळाच तमाशा. टीव्ही असा लावतात की समोरच्या बिल्डिंगला बातम्या कळतात. सख्खी बहीण कान तपासणारी, पण तिच्यासमोर बसायला तयार नाहीत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात तसं. “माझे कान ठणठणीत आहेत. तुम्ही सगळे पुटपुटता,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तबकडीवाली आत आली, तेवढ्यात तिची नजर ओट्यावरच्या पिठाच्या डब्यावर गेली. त्यावर ‘बोट वर करा’ची शेवटची प्रत झाकण म्हणून बसली होती. तिने तान्ह्या बाळाला उचलावं तशी ती दोन्ही हातांनी उचलली. आईने लगेच पिठावर ताट ठेवलं आणि म्हणाली, “परत आणून देशील ना? माप बरोबर बसतं.”

मग मी तिला आत्याकडे घेऊन गेले. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी भरभरून बोलत होती. परदेशात लोक या रेकॉर्डबद्दल लिहितात, कुणी तिला ध्यान म्हणतं, कुणी बंड. “मॅडम, तुम्ही काळाच्या पुढे होता.” आत्या म्हणाली, “नाही गं, मी वेळेवर होते. ड्युटी नऊची असायची.” पण मी तिला ओळखते. चहाचा कप तिने बशीऐवजी साखरेच्या डब्यावर ठेवला. मुलगी गेल्यावर ती मला म्हणाली, “कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं म्हणायचं.”

मूळ टेप आत्याच्या ट्रंकेत होती. तबकडीवालीचा एक सोबती होता, जुने आवाज साफ करणारा. आम्ही त्याला आवाजाचा धोबी म्हणायचो. त्याने टेप नेली, धुतली, वाळवली आणि थोड्या दिवसांनी फोन केला. गडी खूश होता. “मॅडम, एक नंबर झालंय. दुसऱ्या बाजूला लाकडासारखा काहीतरी आवाज सारखा येत होता. एकूण एक काढला. आता काच आहे काच.”

ही बातमी मी घरी सांगितली, तेव्हा बाबा जेवत होते. ही बातमी त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आली. “काढला? सगळा?” त्यांनी विचारलं. “सगळा,” मी म्हटलं. जेवून उठताना त्यांनी शीळ घातली. माझ्या उभ्या जन्मात मी बाबांना शीळ घालताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी शेजाऱ्यांकडे गेले आणि खुर्ची न दाबता बसले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, सुटला माणूस.

धुतलेली आणि न धुतलेली, दोन्ही प्रती घेऊन मी आत्याकडे गेले. चांगले स्पीकर लावले. ती डोळे मिटून बसली. ‘उजवा कान’ ऐकताना तिचा चेहरा तरुण झाला होता, खोटं नाही सांगत. मग ‘डावा कान’. स्वर आला. मग शांतता. दुसरा स्वर. शांतता. खरंच काच होती. पण आत्याच्या कपाळावर आठी चढायला लागली. तिने डोळे उघडले.

“आत कुणी नाहीये,” ती म्हणाली.

“कुठे आत?”

“खोलीत. मी विचारतेय आणि आत कुणीच नाही. जुनी लाव.”

मी न धुतलेली लावली. केसाएवढा स्वर आला आणि मागून, कर्रर! आत्या खुदकन हसली. “आला बघ.” पुढचा स्वर. कर्रर! “ऐकू आलं की तो हात वर करायचा. हात वर गेला की अंग हलायचं आणि खुर्ची वाजायची. अगं, ही खुर्ची उगाच नाही वाजत. एकदाही उगाच नाही.” मग तिचे डोळे भरून आले आणि ती स्वतःवरच चिडली. “जन्मभर लोकांची बोटं बघत बसले मी. आणि ही माझ्याच टेपवर होती, ती मला कळली नाहीत.”

तिने तिथल्या तिथे धोब्याला फोन लावला आणि सगळे डाग परत लावायला सांगितले. तो बिचारा हबकला. मला मात्र तिने बजावलं, “दादाला आत्ता बोलू नकोस. तो नको म्हणेल. छापून आलं की बघेल.”

पण एक गोष्ट ती विसरली. बाबांनी तबकडीवालीला आधीच दम देऊन ठेवला होता की वेष्टनावरचं अक्षर न् अक्षर माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायचं नाही. मुलगी आज्ञाधारक. तिने प्रूफ सरळ बाबांना पाठवलं.

मी तिथेच होते. बाबांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं आणि खिडकीशी बसून सुरुवात केली. एक स्वल्पविराम हलवला. ‘ध्वनि’ दीर्घ केला. खूश होते. मग तळाशी श्रेयांपाशी आले. पहिल्या ओळीत ‘रचना आणि यंत्र’, पुढे आत्याचं खरं नाव, जे वाचून आम्हालाच क्षणभर ही बाई कोण असा प्रश्न पडला. खालच्या ओळीत होतं:

कान आणि खुर्ची : दादा

बाबांचा चेहरा उतरला. मग पट्टी ठेवून त्यांनी ती ओळ लाल रेघेने खोडली, समासात लिहिलं, ‘ही ओळ गाळावी’, प्रूफाची गुंडाळी केली आणि चपला घातल्या. मीही मागोमाग निघाले, कारण या वयातली भांडणं एकट्याने करू देऊ नयेत.

“आता जगात वाभाडे काढ माझे!” आत्याच्या दारात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी सुरू केलं. “काढला होता ना तो आवाज? मग परत घातलास? वर माझं नाव? म्हणजे ज्याला कळलं नसेल त्यालाही कळावं, कुणी माती केली ती!”

“दादा, हळू. शेजारी ऐकतायत.”

“ऐकू देत! तूच म्हणालीस ना तेव्हा, सगळ्यांसमोर. वाट लावलीस, दादा.”

आत्या गोंधळली. “असं म्हणाले होते मी? कधी?”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. हा माणूस चाळीस वर्षं खुर्च्या दाबत होता आणि बोलणारीला आठवतसुद्धा नव्हतं. “दुकानात,” ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “रेकॉर्ड लावली तेव्हा.”

“अरे, मी दूध उतू गेलं तरी दुधाला म्हणते वाट लावलीस!”

“पण नंतर तू दुसरी काढली नाहीस.”

“कशी काढणार? तू आत बसेनासा झालास. मी इतकं विचारलं, तर म्हणालास, पाठ दुखते. दुसऱ्या कुणाच्या बोटावर माझा भरवसा नव्हता. आपल्या आईला बसवून बघितलं होतं, ती झोपायची.”

खरं सांगते, त्या क्षणी मला दोघांचाही भयंकर राग आला. एक वाक्य बोलली असती तर केवढं काय काय झालं असतं! पण आमच्या घराण्यात बोलायचं ते पुटपुटतात आणि नको ते ओरडून सांगतात.

“बस,” आत्या म्हणाली.

“कशाला?”

“तेव्हासारखा. पाठ करून. ऐकू आलं की बोट वर करायचं.”

“मला सगळं ऐकू येतं.”

“मग बसायला काय जातंय तुझं?”

तिने स्वयंपाकघरातली लोखंडी खुर्ची आणली. बाबांनी ती दाबून पाहिली, दोनदा. खुर्ची मुकी होती. ते आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. मागून त्यांची मान किती बारीक झालीय ते मला एकदम दिसलं. आत्याने खिडकी लावली, पंखा बंद केला, आणि मला खूण केली. मी ‘डावा कान’ लावला, न धुतलेला.

पहिला स्वर आला. वरच्या पट्टीतला, नाजूक. मला स्वच्छ ऐकू आला. बाबांचं बोट हललं नाही. मी आत्याकडे पाहिलं. तिचे डोळे बाबांच्या हातावर होते, नोकरीत असायचे तसे.

मग, कर्रर!

बाबांचं बोट वर गेलं.

पुन्हा स्वर. बोट खालीच. कर्रर! बोट वर. पुन्हा तसंच. आणि पुन्हा. स्वर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. पोचत होती ती खुर्ची. तिशीतले बाबा तिथे ऐकत होते, बोट वर करत होते, आणि म्हातारे बाबा त्यांचं ऐकून बोट वर करत होते. आत्याने पदर तोंडाला लावला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले, कारण दुसरीकडे कुठे बघण्याची सोय नव्हती.

बाजू संपली. बाबा वळले.

“बेबी,” ते म्हणाले, “स्वर कुठे होते? मला तर नुसती खुर्चीच ऐकू आली.”

ऐकू आलं नाही ते आलं असं आत्याने जन्मात कधी लिहिलं नव्हतं. आत्ताही तिने तसं केलं नाही. “तुला वरचे स्वर ऐकू येत नाहीत आता, दादा. कान गेलेत तुझे. उद्या माझ्याबरोबर इस्पितळात यायचं, मुकाट्याने. पण दर खुर्चीच्या आधी एक स्वर आहे. विचार हिला.”

“आहे, बाबा,” मी म्हटलं. “प्रत्येक वेळी.”

“खुर्ची वाजली, याचा अर्थ तुला तो ऐकू आला होता,” आत्या म्हणाली. “इतका बारीक स्वर मी सोडायचे, आणि तू पकडायचास. ती खुर्ची काढली तर मी नुसती भिंतीला विचारत बसलेय असं होतं.”

बाबांनी जरा विचार केला. त्यांना हिशेब नीट लागायला हवा असतो. “एकही चुकला नव्हता माझा?”

“एकही नाही.”

“ते काहीच वाजत नसताना बोट वर करणारे असतात, तसंही नाही?”

“तसंही नाही, दादा.”

ते पुन्हा खुर्चीवर बसले, यावेळी आमच्याकडे तोंड करून. प्रूफाची गुंडाळी मांडीवर उलगडली, ती सारखी मिटत होती म्हणून आत्याने एक कोपरा धरला आणि मी दुसरा. बाबांनी कानावरची लाल पेन्सिल काढली. खोडलेल्या ओळीखाली, ‘कान’पासून ‘दादा’पर्यंत, ते एकेक टिंब देत गेले. घाई नव्हती. ‘ही ओळ गाळावी’वर त्यांनी बारीक काट मारली आणि शेजारी, निबंधावर लिहिलं होतं त्याच गोल अक्षरात लिहिलं, ‘राहू द्या’.